विहिरीवर न पोचलेलं गाणं

आमच्या गिरीज गावात लग्नाचं पाणी माझ्या गाण्याशिवाय कुणी विहिरीतून काढून दाखवावं! लग्नाच्या आदल्या दिवशी मडक्याचं घुमट वाजवत विहिरीवर जायचं, कळशी भरायची, आणि ते पाणी नवऱ्या मुलाच्या डोक्यावर पडलं की मगच गाणं संपतं. मध्येच सोडलं तर लग्न अडतं. हा नियम माझ्या सासूचा, आणि माझ्या सासूपुढे फादरसुद्धा गप्प बसत!

माझा नातू डेरिक कॉम्प्युटरवर संगीत करतो. त्याने मोबाईलवर माझं गाणं भरून घेतलं.

"आजी, याचं मी ट्रान्स म्युझिक करणार."

"कर बाबा. पण पुरं कर!"

रविवारी दुपारी सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये त्याचा पहिला कार्यक्रम होता. जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत 'विधी' लिहिलेलं. अक्षरं मी उशिरा शिकले, म्हणून एकही सोडत नाही. विधी आहे म्हणजे पाणी लागणार! आमच्या विहिरीची कळशी भरून मी रिक्षातून नेली. पोरांना एवढंही सुचत नाही!

आत धूर, काळोख, आणि कपाटाएवढे स्पीकर. माझं काळीजच घुमटासारखं वाजायला लागलं. मग माझा आवाज आला. "चला गो बायांनो, विहिरीवर..." मी खूश! पुन्हा "चला गो". पुन्हा "चला गो". चला, चला, चला! अहो, डोक्यावर केळीचा लोंगर घेऊन मी याहून लवकर पोचते! पोरं डोळे मिटून डुलतायत, आणि विहिरीचा पत्ता नाही!

कळशी घेऊन मी तडक स्टेजवर चढले.

"डेरिक, पुढे ने!"

"आजी, लूप आहे तो. लोकांना तंद्री लागलीय."

"म्हणून त्यांना वाटेतच उभं करतोस? तरीच तुझं लग्न जमत नाही!"

"आजी, पाया पडतो, खाली उतर. माझा पहिलाच शो आहे!"

"आणि गाणं कुणाचं आहे?"

माझं डोकं फिरलं. कळशी उचलली आणि ओतली! डेरिकच्या डोक्यावर. तिथून त्याच्या मशीनवर. फट्! सगळं चिडीचूप.

मग मी कमरेवर कळशी घेऊन उरलेलं गाणं म्हटलं. पुरं! पोरं वेडी झाली. निळ्या केसांची एक मुलगी पुढे आली. "आजी, माझ्यावर पण ओता ना!"

"तू नवरदेव आहेस का?"

डेरिक मात्र मशीन उलटी धरून तिच्यातलं पाणी झटकत होता. माझ्याकडे बघेना.

आता पुण्याहून कार्यक्रमाचं बोलावणं आलंय. आजी आणि कळशी, दोघींना! डेरिकने दुरुस्त केलेल्या मशीनला प्लास्टिक चढवलंय. मी ठणकावून सांगितलं, "आधी गाणं विहिरीवर पोचव, मग येते. ते अर्धवट खूळ माझ्या डोक्यात शिरणार नाही!"

आज सकाळी पाण्याला गेले, तर थोड्या वेळाने सून रिटा ओरडत आली, "आई, पाणी कुठंय? आधण कधीचं ठेवायचंय!"

कळशी रिकामीच होती. मी विहिरीच्या काठावर उभी, डोळे मिटलेले, आणि तोंडाने चाललं होतं, "चला, चला, चला..."