धोरणावरचा चहा

लग्नाची तारीख ठरवायला बसलेले दोन बाप देशाच्या ऊर्जा धोरणावर घसरले, तेव्हाच आतल्या खोलीत मुलीने कपाळावर हात मारला. तिचे वडील ऊर्जा खात्यातून निवृत्त झालेले साहेब. होणारे सासरे जनरेटर विकणारे.

“सरकारला धोरणच नाही, साहेब!” सासरे म्हणाले. “नसू दे बापडं. माझा धंदा त्याच्यावरच चाललाय.”

“नाही कसं?” साहेबांनी कपाटातून तीन जाडजूड खंड काढून टीपॉयवर आदळले. “यातलं पान न् पान मी लिहिलंय.”

“वाचलं कोणी?”

तेवढ्यात पंखा थांबला. सासऱ्यांचा चेहरा खुलला.

“भारनियमन आहे ते,” साहेब म्हणाले. “धोरणातच आहे.”

“म्हणजे वीज ठरवून घालवता! वा! निघतो मी. तारखेचं बघू पुढे कधीतरी.”

“बसा हो, चहा टाकलाय!” साहेबांची आई स्वयंपाकघरातून ओरडली. उकाड्याने हैराण झालेले दोघे भांडतच गॅलरीत गेले.

“आजी, चहा कुठे टाकलायस?” मुलगी कुजबुजली. “ते गेले तर माझं लग्न बोंबललं!”

विजेची शेगडी गारठून बसली होती. आजीला मात्र सगळं आठवत होतं. कोळशाची शेगडी सोडायला लावून सरकारने स्टोव्ह घ्यायला लावला. मग घासलेट बंद करून गॅस दिला. मग गॅस वाचवा म्हणत सिलिंडर परत नेलं. दर वेळी लेक किती मायेने सांगायचा, “आई, आता हेच कायमचं!” अशी सगळी ‘कायमची’ माळ्यावर ओळीने मांडलेली होती.

स्टोव्हला घासलेट नव्हतं. कोळशाची शेगडी खाली आली, पण कोळसा कुठला? आजी बाहेरच्या खोलीत डोकावली.

चहा झकास झाला. कागद जुना, कोरडा, आणि आत फारसं काही नसल्यामुळे भुरकन पेटणारा.

“वीज नाही, गॅस नाही,” सासऱ्यांनी घोट घेत विचारलं, “केलात कशावर?”

“धोरणावर,” आजी म्हणाली.

साहेबांनी आत धावत जाऊन टीपॉयवरचे खंड मोजले. सासरे मात्र ठसका लागेपर्यंत हसले.

“हरलो, व्याही! देशाला धोरण आहे, आणि त्यात ऊर्जाही आहे. काढा तारीख!”

‘व्याही’ ऐकून आत मुलीच्या जिवात जीव आला.

“मग आता जेवूनच जा,” आजी म्हणाली. “अजून दोन खंड आहेत.”