बेवारस गाठोडी आणि यमुनाक्का घोरपड

एका जंगलात, बाळांनो, एक गुहा होती. कुणा एकाची नव्हे, सगळ्यांची. ज्याला जी युक्ती सुचेल ती त्यानं गाठोड्यात बांधून तिथं ठेवायची. ज्याला लागेल त्यानं उघडून बघायची. काटा काढायची युक्ती होती, वणवा आधी ओळखायची होती, माकडांना फसवायच्या तर सतरा होत्या.

नियम एकच. ज्याचं गाठोडं, त्यानं वर्षातून एकदा येऊन ते सोडायचं, ऊन दाखवायचं, युक्ती अजून चालते का बघायचं. कारण ओढा वाट बदलतो, झाडं पडतात. युक्ती आपली जुन्याच ओढ्यात पाय घालायला सांगते.

गुहेची राखण यमुनाक्का घोरपडीकडे होती. आता तिला ती सोडायची होती. कातळावर पोट टेकून ऊन खायचं, एवढीच इच्छा. पण जायच्या आधी गुहा लख्ख करून जाऊ, म्हणजे लोक नाव काढतील, असं तिच्या मनानं घेतलं. तिथंच बाईचं चुकलं.

तिनं तीनदा दवंडी पिटली. "ज्या गाठोड्याला धनी नाही, ते पुनवेला बाहेर जाईल हो!"

कुणी आलं नाही. पुनवेला यमुनाक्कानं तेवीस गाठोडी बाहेर ओढली. मग मात्र अख्खं जंगल धावलं.

"अहो आक्का, हे काय! मध काढायची युक्ती आहे ती! माझ्या सासऱ्यांनी स्वतः बांधलेलं गाठोडं!" तरसकाका गहिवरले.

"मग तुम्ही सांभाळा."

"मला कुठं सवड? पण फेकायचं म्हणजे अतीच झालं."

"मागं कधी उघडलं होतं?"

"उघडायचं कशाला? आहे, एवढ्यानंच धीर येतो."

कोल्हा म्हणाला, "आपण समिती नेमू." ससा म्हणाला, "माझ्या पोरांनी उद्या काय बघायचं?" सगळे डोळे पुसत होते. गाठोड्याला हात मात्र कुणी लावेना.

यमुनाक्काला राग आला. रागाच्या भरात ती बोलून गेली, "रडू नका. कुणी मिळेपर्यंत मी बघते!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! कोल्ह्यानं तेवीसही गाठोड्यांवर तिच्या पंजाचा ठसा उठवून घेतला. सगळे समाधानानं घरी गेले. आक्कालाही वाटलं, आठवडाभराचा तर प्रश्न. तिला हसू नका. असल्या आठवड्यात म्हातारी झालेली एक बाई या घडीला तुम्हाला गोष्ट सांगतेय.

दोन वर्षं कुणी मिळालं नाही. कुणी शोधलंही नाही. तेवीस गाठोडी एकटीनं किती सोडणार? मधाच्या युक्तीपर्यंत तिचा हात पोचलाच नाही.

एके सकाळी तरसकाका आले. नाक भोपळ्याएवढं सुजलेलं.

"आक्का, जांभळीवर चढा म्हणतं तुमचं गाठोडं! तिथं गांधीलमाश्या आहेत!"

"पण ते तुमच्या सासऱ्यांचं—"

"सासऱ्यांचं होतं, तेव्हा कुणी तक्रार केली का? ठसा कुणाचा आहे बघा! जमत नव्हतं तर घ्यायचं कशाला?"

मागं रांग लागली होती. यमुनाक्कानं मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माझं. पुढचं कोण?"

तात्पर्य: सामाईक घर खुशाल झाडावं, पण 'हे कुणाचं?' असं मोठ्यानं विचारू नये. विचारलंच, तर उत्तर येईपर्यंत तिथं थांबू नये.