क्युरिंगवरचं व्याख्यान

सावरून बसा, बाळांनो, आणि मध्ये बोलू नका. एका जंगलात, ओढ्याच्या काठी, मुंगसाचं एक जोडपं राहत होतं. बायको येसू, नवरा दामोजी. येसूचे दिवस भरत आले होते. पिल्लं होण्याआधी डोक्यावर पक्कं छप्पर हवं, एवढंच तिचं मागणं होतं.

दामोजीने घुबडाच्या वर्गात बांधकामाचे शब्द शिकून प्रमाणपत्र आणलं होतं. हाताला मात्र कधी चिखल लागला नव्हता. म्हणून घर बांधायला भिकोबा खेकडा आला. तो जुना गवंडी. दामोजी त्याला दिवसभर शिकवत बसे. जोतं म्हणू नये, प्लिंथ म्हणावं. दारावरच्या आडव्या पट्टीला लिंटेल म्हणावं. भिकोबा मान हलवी आणि ओळंबा धरी.

स्लॅब टाकून झाला. भिकोबाने त्यावर मातीची आळी घातली आणि सांगितलं, दहा दिवस यात पाणी तुंबलेलं पाहिजे, नाहीतर सिमेंट धरणार नाही.

"त्याला क्युरिंग म्हणतात," दामोजी म्हणाला.

"काय बी म्हणा, मालक. पन पानी मारा."

एवढं बोलून भिकोबा दुसऱ्या कामावर गेला. दामोजीने मात्र दुसऱ्याच दिवसापासून अंगणात व्याख्यानमाला लावली. विषय, क्युरिंग. सारं जंगल लोटलं. ज्यांना घर बांधायचं नव्हतं ते तर पहिल्या रांगेत बसले.

येसू अवघडल्या अंगाने ओढ्यावरून घागर आणी. ती शिडीला हात लावते न लावते तोच दामोजी हाक मारी, आधी पाहुण्यांचा चहा टाक. दहा दिवसांत जंगलाने क्युरिंगवर भरपूर माना डोलावल्या आणि स्लॅबचं सगळं पाणी पिऊन टाकलं. येसू रडली. श्रोत्यांना वाटलं, विषयच तसा आहे.

स्लॅबला खालून दिलेलं सेंट्रिंगचं टेकण निघालं. ते घरात राहायला गेले आणि येसूला चार पिल्लं झाली. एका दुपारी छतातून खपली पडली, मग हातभर भेग गेली. येसूने पिल्लं तोंडात धरून एकेक करून बाहेर आणली. चौथं आणलं आणि मागे स्लॅब कोसळला.

दामोजी तेव्हा दरबारात होता. भेगेचे अकरा प्रकार तोंडपाठ सांगितल्यामुळे सिंहाने त्याला बांधकाम सल्लागार नेमलं होतं. तो शाल पांघरून घरी आला. घर नव्हतं.

येसूने त्याच्या अंगावरची शाल ओढली, दोन फांद्यांवर टाकली आणि पिल्लं खाली घेतली.

दामोजीने ते नीट निरखलं.

"याला टेम्पररी शेड म्हणतात," तो म्हणाला.

तात्पर्य : बाळांनो, पाणी मारत बसू नका. त्याला काय म्हणतात ते पाठ करा. पाणी मारणाऱ्याचं फक्त घर उभं राहतं. शाल त्याला कुणी देत नाही.