पुढच्या गाडीचा मान

"सायकल विसरा भाऊजी, आधी ते सायकल विसरा!" प्रफुल्ल कपाळावर हात मारून ओरडला.

आता खेमराज मेश्रामला सायकल विसर म्हणणं म्हणजे चालणं विसर म्हणण्यासारखंच होतं. फुलचूरचा पोस्टमन तो. सारी नोकरी सायकलच्या सीटवर गेली. पण अंगणात नवी कोरी मोटरसायकल येऊन उभी राहिली होती, हँडलला झेंडूचा हार होता, आणि त्याच्या बायकोचा, लीलाबाईचा धाकटा भाऊ प्रफुल्ल खास ती शिकवायला नागझिऱ्याहून आला होता. तिकडे जंगलात तो पर्यटकांची जिप्सी चालवायचा. वाघ आडवा आला तरी घाबरायचा नाही, पण भाऊजींच्या मागे बसताना डोळे मिटून घ्यायचा.

"पाहा, हिरवा लाइट लागला म्हणजे न्यूट्रल. तवाच किक मारायची. मंग डाव्या हाताचा क्लच पुरा दाबायचा, पायानं पहिला गिअर टाकायचा, आन् क्लच हळूऽऽ हळू सोडत उजव्या हातानं थोडी थोडी रेस द्यायची. क्लच एकदम सोडला तं गाडी हिसडा देऊन बंद पडते."

"समजलं ना बापा! कितीक डाव सांगशील?"

समजलं होतं, पण डोक्याला. हातांना नव्हतं समजलं. सायकलच्या दोन्ही मुठींना ब्रेक. थांबायचं तर दोन्ही दाबा, निघायचं तर दोन्ही सोडा. खेमराजचे हात जन्मभर हेच करत आले होते आणि मोटरसायकलवरही इमानदारीत तेच करायचे. थांबणं झकास व्हायचं. निघताना मात्र दोन्ही हात एकदम सुटायचे, गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि गप्प व्हायची. पण शाळेच्या मैदानात एकदा कशीबशी गाडी निघाली, की गोल गोल फिरताना थांबायचं कामच नव्हतं, त्यामुळे हे दुखणं गावात कोणाला दिसलं नाही. खेमराजला तर मुळीच दिसलं नाही. तो मिशीवर हात फिरवत गावात सांगत सुटला, "गाडी आली मले!"

हे ऐकलं अल्काताईंनी. अल्काताई शाळेत मास्तरीण आणि जयंती समितीच्या अध्यक्ष. आवाज असा, की माइक बंद असला तरी चालेल. त्यांनी जाहीर करून टाकलं, की यंदा चौदा एप्रिलच्या रॅलीत सगळ्यांत पुढे खेमराजभाऊंची नवी गाडी, आणि मागच्या सीटवर निळा झेंडा घेऊन लीलाबाई!

दरवर्षी हाच खेमराज सायकल मारत रॅलीच्या शेपटाला असायचा, साऱ्या गाड्यांची धूळ खात. आणि आता पुढच्या गाडीचा मान! लीलाबाईने माहेरी, बहिणींकडे, नणंदांकडे, जिथे जिथे फोन लागला तिथे तिथे ही बातमी पोचवली. पांढरीशुभ्र साडी इस्त्री करून ठेवली आणि नवऱ्याला बजावलं, "अवो, सारे पाहाले येऊन राहिले. झेंडा हातात आहे माह्या. फजिती नोको करजा."

"पाहत राह्य तू," खेमराज म्हणाला.

जयंतीच्या सकाळी विहारात वंदना झाली आणि रॅली निघाली. पुढे खेमराज, मागे दुचाक्या, त्यामागे बँड आणि चालणाऱ्या बाया-माणसं. आणि इथेच घोळ झाला. रॅली चालते माणसाच्या पावलाने. खेमराज शिकला होता मोकळ्या मैदानात.

अनुसयाबाईच्या घरापुढे एक बकरी आडवी आली. खेमराजने दोन्ही मुठी दाबल्या. गाडी थांबली. बकरी गेली. खेमराजने दोन्ही मुठी सोडल्या.

धडाक! गाडीने उडी मारली, लीलाबाई पुढे आदळली, तिच्या हातातला झेंडा नवऱ्याच्या डोक्यावरून थेट खाली झुकला आणि गाडी बंद पडली. मागची सारी रॅली जागच्या जागी थांबली. बँडही थांबला. दारात खाटेवर म्हातारी अनुसयाबाई बसली होती. छप्पन साली दीक्षेसाठी पायी नागपूरला गेलेली बाई. आता गुडघे गेल्यामुळे तिला कोणी रॅलीत नेत नव्हतं.

अल्काताईंनी झुकलेला झेंडा पाहिला, खाटेवरची म्हातारी पाहिली. मग माइक कडाडला, "छप्पनच्या दीक्षेला पायी गेलेल्या आपल्या अनुसयाबाईंना झेंड्याची मानवंदना! जय भीम!"

"जय भीम!" सारा रस्ता दणाणला. म्हातारी काठी टेकत उठली, झेंड्याला हात लावला आणि ढसढसा रडायला लागली. आजूबाजूच्या बायाही रडल्या. खेमराज मात्र गिअरमध्येच किका मारत होता.

"लाइट पाहा, लाइट! हिरवा कुठी आहे?" लीलाबाई दातओठ खात कुजबुजली.

हिरवा सापडला, गाडी सुरू झाली. पण पुढे रामलालच्या हॉटेलापाशी ट्रक मागे येत होता. दाबल्या मुठी, सोडल्या मुठी. धडाक! झेंडा झुकला. रामलाल झारा हातात घेऊनच बाहेर धावला.

"अरे डाकियाबाबू, हमारी दुकान पे रॅली रुकी? आज तक कोई नहीं रुका भैया!" आणि त्याने साऱ्या रॅलीला शरबत पाजलं.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली ती नेमकी मंदाबाईच्या फाटकात. लीलाबाई आणि मंदाबाई नळावरच्या भांडणापासून एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. झेंडा दारात झुकलेला पाहून मंदाबाई धावत आली आणि लीलाबाईच्या गळ्यातच पडली. "माय वो, तूच आली माह्या दारी! माहं मन एवढं मोठं नाई झालं कधी!"

लीलाबाईने हातातला झेंडा सावरला. तिनेही मिठी मारली. नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने किक मारायच्या आधी घाम पुसून घेतला.

गोंदियाला पुतळ्यापाशी गावोगावच्या रॅल्यांत फुलचूरची सगळ्यांत उशिरा पोचली, पण वर्षभर बोलबाला फुलचूरचाच झाला. असा मान कोणी कोणाला दिला नव्हता, म्हणे. खेमराजला कोणी विचारलं, तर तो नुसता हसायचा. खरं तर त्याच्या मनाला लागलं होतं. त्याने ठरवून टाकलं, की पुढच्या जयंतीला गाडी एकदाही बंद पडू द्यायची नाही. रोज पहाटे मैदानात जाऊन तो थांबायचा आणि निघायचा, थांबायचा आणि निघायचा. शेवटी हातांनी सायकल सोडली. गाडी लोण्यासारखी निघायला लागली.

पुढची जयंती आली. खेमराज छाती काढून पुढे. अनुसयाबाईच्या घरापाशी त्याने वेग कमी केला, क्लच दाबला, गाडी अलगद थांबवली, अलगद उचलली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. एक हिसडा नाही! वा रे पठ्ठ्या! रामलालचं हॉटेल दिसायला लागल्यावर त्याने अभिमानाने विचारलं, "का वो लीला, कशी चालून राहिली गाडी?"

 मागे वळून पाहतो तर सीट रिकामी. लीला नाही, झेंडा नाही, रॅली नाही.

तसाच उलटा आला. सारी रॅली अनुसयाबाईच्या दारात उभी होती, आणि लीलाबाई झेंडा घेऊन खाली.

"मले वाटलं, थांबले तं उतराचं आहे," ती म्हणाली. "तुमी तं चाललेच गेले!"

अनुसयाबाई नवी पांढरी साडी नेसून, हातात फुलं घेऊन सकाळपासून बसली होती. "काऊन रे खेमराज? मागच्या साली केवढा झुकला होता झेंडा. यंदा मोठा झाला का तू?"

खेमराजने खरं सांगायला तोंड उघडलं. म्हातारीच्या हातातली फुलं पाहिली आणि मिटून घेतलं.

"बस," तो लीलाबाईला म्हणाला. "झेंडा मजबूत धर."

त्याने पहिला गिअर टाकला, नेम धरला आणि क्लच एकदम सोडून दिला. धडाक! झेंडा म्हातारीच्या पुढ्यात झुकला. "जय भीम!" रस्ता दणाणला आणि अनुसयाबाईने मुठी भरून फुलं उधळली.

जयंतीला आलेला प्रफुल्ल मागून धावत आला. "भाऊजी, वर्षभर शिकले ना तुमी! पुन्हा तेच?"

"तेच कसं?" हिरवा लाइट पाहून खेमराजने ऐटीत किक मारली. "तवा ते बंद पडली होती. आता म्या पाडली." आणि तो रामलालच्या हॉटेलाकडे निघाला.