नवसाच्या बोकडात करंट

सटवाजीचं नवसाचं बोकड लेकीनं तयार केलेली वीज खाऊन मोकळं झालं, आणि तेही नेमकं नवस फेडायच्या दिवशी.

नववीतल्या दिपालीनं सकाळी ओट्यावर उकडलेले बटाटे मांडले, त्यांत खिळे आणि तांब्याच्या तारा खोचून इवलासा बल्ब जोडला. तो मिणमिणला तशी ती आईला बोलवायला आत पळाली. बाहेर येते तो बोकडानं बटाटे फस्त केलेले. खिळे-तारा तेवढ्या थुंकलेल्या.

शेजारच्या बेबीबाईनं हे कुंपणावरून पाहिलं. आपल्या वाट्याचं मटण नासलं, हा हिशेब तिनं उभ्या उभ्या केला आणि सटवाजीच्या बोकडाच्या पोटात करंट असल्याची खबर गोरेगावभर पोचवली.

दुपारी म्हसोबाच्या पारावर सेनगावहून जीप भरून पाहुणे आले. बोअरला पाणी लागावं म्हणून केलेला नवस, जेवायला सगळे पुढे. बोकड धरायला कोणी पुढे होईना. सुरा घेऊन आलेला तातेराव तर देवापुढंही चप्पल काढायला तयार नव्हता. चप्पल रबरी होती.

दिपालीनं ते बोकड बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. ते आज जाणार म्हणून सकाळपासून ती रडत होतीच; त्यात विज्ञानाची ही बेअब्रू.

"बटाट्याची वीज पोटात काहून राहील? तार निघाली की संपली."

"तू गप," सटवाजी म्हणाला. "तुह्याच पायी झालं हे समदं."

रीत अशी, की बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं तर देवाला कबूल, नाहीतर सुरा उचलायचा नाही. सटवाजीनं लांबूनच तांब्या उपडा केला. बोकडानं नाकापासून शेपटीपर्यंत असं सडकून अंग झाडलं, की एरवी पारावर गुलाल उधळला असता.

बेबीबाई म्हणाली, "घ्या, लागला करंट." पाहुणे जीपकडे पळाले. तातेराव त्यांच्याही पुढे.

सटवाजीचा तोल सुटला. "अरे, देव व्हय म्हणून राहिला अन् तुमी पळून काहून राहिले? दिपे, तू शिकलेली हायस. पोटात वीज राहत न्हाई म्हणून सांग समद्याइले."

सगळे थबकले. सकाळपासून पहिल्यांदाच दिपालीला कोणीतरी विचारत होतं. तिनं बोकडाकडे पाहिलं. ते तिच्या ओढणीचं टोक चघळत उभं होतं.

"सकाळी राहत नव्हती, बाबा," ती म्हणाली. "आता पाणी पडलं ना."