बारा फुटी मारिक्रिस

मारिक्रिस चौथ्या प्रयत्नात शिक्षकांची परवाना परीक्षा पास झाली, आणि तिच्या आईने, गाव जिला अलिंग म्हणजे मावशी म्हणतं त्या तेसिंगने, बाजारातला मासळीचा ठेला बहिणीच्या गळ्यात टाकून थेट मोगेसचं फलक छापायचं दुकान गाठलं. तिला कुंपणावर टांगायला लेकीच्या फोटोचा फलक हवा होता, बारा फुटी. आमच्या गावात पोरगं पास झालं की ते आधी फलकावर येतं, मग नोकरीवर.

बारा फुटांमागे कारण होतं. समोर राहणाऱ्या कॉन्सोलासियोनचा मुलगा तीन वर्षांपूर्वी इंजिनियर झाला, त्याचा फलक दहा फुटी. उन्हाने त्या पोराचं तोंड निळं पडलं तरी बाई तो उतरवत नव्हती. मारिक्रिस पुन्हा पुन्हा नापास होत होती आणि तेसिंगला रोज दार उघडलं की त्या निळ्या तोंडाचं दर्शन घडत होतं. रविवारी गावच्या संताची मिरवणूक याच रस्त्याने जायची होती. तोवर फलक लागला नाही तर तेसिंगच्या मते लेकीचं पास होणंही फुकट होतं.

तिने फोनमधला फोटो दाखवला. मोगेसने तो संगणकावर मोठा केला आणि खुर्ची मागे सरकवली. मारिक्रिसच्या जागी पोळपाटावर कापलेल्या वड्यांसारखे चौकोन दिसत होते.

"हा फोटो कुठून कुठून फिरून आलाय?" त्याने विचारलं.

फोटो खरं तर चांगला होता. निकालाच्या दिवशी तेसिंगचा भाचा बेर्तो, जो लग्नाचे फोटो काढतो, त्याने तो मोठ्या कॅमेऱ्याने घराच्या फाटकात उभं करून काढला होता. पण कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल तेसिंगच्या फोनवर उघडणारी नव्हती, म्हणून तिने त्याच्याकडून हलका जेपेग मागून घेतला आणि हौसेने घरच्या ग्रुपवर टाकला. तिथे मारिक्रिसच्या आत्या बसलेल्याच होत्या. दुबईच्या आत्याने पोरीचा रंग उजळला. मिलानच्या आत्याने नाक बारीक केलं. हाँगकाँगच्या आत्याने गालावरचा तीळ पुसला, मग दुबईवालीला रंग कमी वाटला म्हणून तिने पुन्हा उजळला. प्रत्येकीने आपली करामत सेव्ह करून पुढे ढकलली. पोरीला जन्म दिला त्या आईला मात्र कुणी विचारलं नाही.

मोगेसने समजावलं की जेपेग दरवेळी बदलून सेव्ह केला की थोडा खराब होतो, आणि गेलेलं परत येत नाही.

"म्हणजे हातोहात फिरलेली मासळी," तेसिंग म्हणाली. "प्रत्येक गिऱ्हाईक दाबून बघतं."

"तसंच."

तेसिंग घरी गेली आणि तासाभरात विजयी मुद्रेने परत आली. मिलानवालीने तोच फोटो पीएनजी करून पाठवला होता. पीएनजीत काही खराब होत नाही असं तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि फाइल चांगली चौपट जड झाली होती.

मोगेसने डोक्याला हात लावला. "अलिंग तेसिंग, नासलेली मासळी चांदीच्या ताटात वाढली तर ताजी होते का?"

असं बोलल्यावर तेसिंगला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. मूळ फाइल हवी, होडीतून नुकती उतरलेली. तिने बेर्तोला फोन लावला. तो शेजारच्या गावात एका लग्नाचे फोटो काढत होता आणि त्याने कुजबुजत कळवलं की मारिक्रिसची फाइल संगणकावर उतरवायची राहिली आहे, कॅमेऱ्यातलं कार्ड भरत आलंय आणि दुसरं घरी राहिलंय, त्यामुळे आता जुने फोटो पुसावे लागतील.

तिने तिचाकी रिक्षा पकडली. चर्चच्या मधल्या वाटेने मासळीच्या रबरी बुटांत ती वेदीकडे धावत निघाली तेव्हा पाद्रीबाबा थांबले, आणि नवरीच्या आईने नवरदेवाकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो बिचारा न केलेलं पाप आठवू लागला. तेसिंग त्याच्या शेजारून पुढे गेली आणि बेर्तोचा कॅमेरा धरून बसली. शेवटी पाहुण्यांपैकी कुणाचं तरी कार्ड मिळालं, जुनं तेसिंगने मुठीत घेतलं, मगच लग्न पुढे सरकलं.

मोगेसच्या पडद्यावर रॉ फाइल उघडली तेव्हा तेसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. तीळ जागच्या जागी होता. नाक तिच्या बापाचं, जसंच्या तसं. "हीच माझी पोर," ती म्हणाली.

मोगेस म्हणाला, आता मागचं सगळं कापतो, पोरीला पारदर्शक पीएनजी करून ठेवतो आणि मागे निळं आभाळ नि सूर्याचे किरण लावतो, सगळ्यांना लावतो तसे. मागे नको ते काही आलंय का बघायला त्याने फोटो आणखी मोठा केला. मारिक्रिसच्या खांद्यामागे, रस्त्यापलीकडच्या खिडकीत, कॉन्सोलासियोनचं तोंड स्पष्ट दिसत होतं. वासलेलं.

तेसिंगने ते तोंड मन भरेपर्यंत पाहून घेतलं.

"आभाळ नको," ती म्हणाली. "मागचं सगळं छाप."

मोगेसला तिचा डाव कळला, पण धंद्यात तोंड बंद ठेवायचं हे त्यालाही कळतं. त्याने छपाईसाठी टिफ फाइल केली, इतकी जड की कुठल्याही आत्याच्या फोनवर चढू नये.

रविवारी सकाळी फलक कुंपणावर चढला. बारा फुटांवर मारिक्रिसच्या पदवीच्या टोपीची शिवणसुद्धा दिसत होती. रस्त्यात माणसं थांबू लागली. तेसिंग कमरेवर हात ठेवून फाटकात उभी राहिली. तिला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मारिक्रिस बाहेर आली, वर बघत राहिली. "आई, तिचे हात बघितलेस?"

तेसिंगने वळून पाहिलं. दुकानात तिची नजर तोंडावरच थांबली होती. त्याच्या खाली, खिडकीच्या चौकटीत, कॉन्सोलासियोन दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. तोंड उघडं होतं ते ओरडून कौतुक करायला.

तेवढ्यात खुद्द बाई रस्ता ओलांडून आली. गर्दी बाजूला झाली. तिने फलक वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"आधी सांगायचंस ना," ती म्हणाली. "घरातला झगा तरी बदलला असता."

तेसिंगने विचारलं, "टाळ्या कशाला वाजवत होतीस?"

"पोरगी पास झाली म्हणून. आणखी कशाला? हाकही मारली होती, पण तू आमच्या घराकडे बघतेस कुठे तीन वर्षांत."

तेसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सणाचा दिवस होता, आत भात तयार होता, मासा तर तिच्याच ठेल्यावरचा होता. तिने कॉन्सोलासियोनचा हात धरून तिला आत नेलं आणि पहिल्या पाटावर बसवलं, पाद्रीबाबांसाठी राखलेल्या.

मिरवणूक फलकापाशी नको तितकी रेंगाळली. मागून पाहुण्यांची रीघ लागली, त्यांत परगावचेही होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने बाहेरचा फलक आणि आतली बाई ताडून पाहिली आणि तेसिंगला आदराने विचारलं, "पोरीचं कळलं. पण या बाई कुठली परीक्षा पास झाल्या?"

"शेजारधर्माची," कॉन्सोलासियोनच्या पानात माशाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढत तेसिंग म्हणाली. "पहिल्याच प्रयत्नात. मी तीनदा नापास, आज चौथ्यांदा बसलेय."