सॅमकाका आणि पडद्याची उलटी बाजू

सॅमकाका टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघतात.

समोर कपाटाचा मोठा आरसा, मागे टीव्ही, मध्ये काकांची खुर्ची. पिक्चर चालतो मागे आणि काका बघतात आरशात. मी या घरात कामाला आले त्या पहिल्याच दुपारी हे बघितलं आणि चहाचा कप घेऊन उंबऱ्यातच थांबले. खोलीत अंधार. खिडकीला पट्ट्यापट्ट्यांचे पडदे, लष्कराच्या लिलावात घेतलेले. त्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा काकांच्या तोंडावर पडलेल्या. ऐन मे महिना आणि अंगात ओव्हरकोट, तोही लिलावातलाच. आरशात एक गोरी बाई रडत होती आणि काका तिला मराठीत सांगत होते, "बाई, जिन्यावर जाऊ नको. वर तो उभा हाय."

मला वाटलं, आपण चुकीच्या घरात आलो. पण जायला दुसरं घर नव्हतं.

मी पार पूर्वेच्या टोकाची, वडशाच्या पुढच्या गावातली. आठवीत शाळा सुटली. एका ओळखीच्या बाईच्या भरवशावर नगरला आले, आणि ती बाई लष्करी छावणीशेजारच्या भिंगारला पोचल्यावर थोड्याच दिवसांत आपल्या वाटेने निघून गेली. किती दारांशी उभी राहिले असेन. "कुणाची ओळख आहे का?" एवढं विचारून लोक दार लावून घ्यायचे. काकांच्या मुलीने, पुण्याच्या ताईंनी, काही न विचारता ठेवून घेतलं. जेवण, पगार, आणि आतून कडी लागणारी खोली. रात्री त्या कडीला हात लावून मी आजही देवाचे आभार मानते. ताईंची अट एकच होती. "बेबी, अनोळखी माणसाला घरात घ्यायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला लोक फसवतात. असं काही झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

दुसरी बाई! हे शब्द मला झोपेतही ऐकू यायचे.

मी मुळातच घाबरट. गॅसच्या शेगडीला भिते, कुत्र्याला भिते, छावणीच्या गेटवरचा जवान नुसता शिंकला तरी माझे हात वर जातात. पण काकांपुढे मी म्हणजे वाघीण. दूधवाला रोज वेळेवर येतो म्हणून काकांना त्याचा संशय. "एवढा वेळेवर कोण येतं? साक्षीदार तयार करतोय तो." नवे शेजारी हसून नमस्कार करतात म्हणून त्यांचाही संशय. बेल वाजली की काका आधी दाराखालच्या फटीकडे बोट दाखवायचे. "बेबी, सावली बघ. माणूस नंतर." मी वाकून सावली बघायचे. बहुतेक वेळा ती कचरा मागायला आलेल्या मावशींची असायची.

हे सगळं आलं त्या पिक्चरमधून. जुने अमेरिकन, काळे-पांढरे, प्रेमाचे, पण त्यात पिस्तूल असतंच. माणूस टोपी घालून पावसात उभा. बाई दारात येते, तिचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. तिथून पुढे त्या माणसाचं काही खरं नसतं.

आरशाचं कोडं मला काकांनीच एकदा उलगडून सांगितलं. त्यांचे वडील छावणीतल्या साहेबांच्या मेसमध्ये कामाला होते. मैदानावर पांढरा पडदा लागायचा. साहेब लोक खुर्च्यांवर पुढच्या बाजूला आणि नोकरमाणसांची बायकापोरं पडद्याच्या मागच्या बाजूला, सतरंजीवर. "पिक्चर तोच," काका म्हणाले, "फक्त उलटा. आमी सगळे पिक्चर मागून बघितले." त्यामुळे काकांचा हिरो जन्मापासून डावखुरा. पिस्तूल डाव्या हातात, भांग दुसऱ्या बाजूला. तरुणपणी काकांनी भिंगारच्या शिंप्याकडून कोट शिवून घेतला तोही तसाच. शिंपी म्हणाला, "सॅमभाऊ, ही बटणं बायकांच्या बाजूची झाली." काका म्हणाले, "तुला काय कळतंय? तू पुढून बघितलाय."

आता ताईंनी आणलेल्या मोठ्या टीव्हीवर पिक्चर सुलटा दिसतो, तर काकांना तो नकली वाटतो. म्हणून आरसा.

हळूहळू मलाही दुपारची सवय लागली. मला इंग्रजी कळत नाही, पण भीती कळते. त्या बाईचा हात दाराच्या मुठीवर थांबला की माझाही थांबायचा. शेवट मात्र नेहमीचा. तो तरी मरायचा, ती तरी मरायची, नाहीतर पोलीस यायचे. एकदा मी चिडून विचारलं, "काका, शेवटी मरतेतच, तर रोज काऊन बघता?"

"काऊन!" काकांना माझ्या बोलण्याची चेष्टा करायला फार आवडतं. मग गंभीर झाले. "आपल्या पिक्चरमध्ये दोघांनाबी ठाऊक असतं, शेवटी लग्न हाय. त्यात कसली हिंमत? ह्यांना पहिल्या सिगारेटपासून माहीत असतंय की वाट लागणार हाय. पाय लटलटतायत, तरी जातात. प्रेम बघावं तर घाबरलेल्या माणसाचं बघावं, बेबी."

मग मंगळवारी तो फोन आला.

"सॅम्या आहे का?" बाईचा आवाज, म्हातारा पण खणखणीत. काकांना सॅम्या म्हणणारं कुणी उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं. "त्याला म्हणावं मार्था बोलतीय, देवळाली प्रवराहून. मुलगा शनिवारी मला बंगळूरला नेतोय, कायमचीच. आता काही परत येणं व्हायचं नाही. गुरुवारी दुपारी भेटून जाते."

मी निरोप दिला. काकांनी उठून खिडकीच्या पट्ट्या मिटल्या.

"मार्था बाई कोण, काका?"

"क्वार्टरमध्ये शेजारी राहायची. सतरंजीवर शेजारी बसायची. मग तिच्या बापाची बदली झाली." थोड्या वेळाने म्हणाले, "कशाला येतीय?"

"भेटायला."

"भेटायला म्हणूनच येतात त्या. गेलेली बाई परत आली की समजायचं, शेवटचं रीळ लागलं."

बुधवारी काकांना ताप आला. थर्मामीटर लावला तर ताप नव्हता. मग सावेडीला मित्राकडे जातो म्हणाले, रिक्षा बोलावली आणि परत पाठवली. काकूंच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. "ही असती तर हिनं दार उघडलं असतं," म्हणाले. "ही कुणाला भ्यायची न्हाई."

गुरुवारी गेटपाशी रिक्षा थांबली. काकांनी फटीतून बघितलं, आज मुद्दाम काढलेल्या त्या शिंप्याकडच्या जुन्या कोटाची बटणं लावली आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन आतून कडी घातली. "सांग, घरी न्हाई!"

दाराखाली सावली आली. एक काठी, एक छत्री. मी साखळी न काढता दार इंचभर उघडलं. बाहेर एक ठेंगणी, चष्म्यातली बाई, निळ्या साडीत घामाघूम.

"काका घरी नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चोराचा वाटला.

"असं होय. मग आत खोकतंय कोण?"

काका खोकत होते.

मार्था बाई हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, "रिक्षावाला सदर बाजारात जाऊन येतो म्हणालाय. तोवर मी इथं पायरीवर बसते. नसेल मनात तर नको." आणि त्या उन्हात बसल्या, छत्री मिटून, काठी मांडीवर घेऊन.

मी साखळीला धरून उभी. आतून काकांचा हुकूम, वरून ताईंचा. माझ्या दृष्टीने ही अनोळखी बाईच. खरंच कुणी फसवणारी असली तर? ताईंना कळलं तर? दुसरी बाई येईल, माझी पिशवी पुन्हा रस्त्यावर. पण फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. बंद दाराकडे पाठ करून बसलेल्या माणसाची पाठ कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. अशा वेळी मी कायम बाहेरच्या बाजूला होते. आज दिसली. परवा ही बाई बंगळूरला जाणार आणि काका जन्मभर आरशात बघत बसणार.

साखळी दोनदा अडकली, तिसऱ्यांदा निघाली.

"या आजी," मी म्हणाले. "आत सावली आहे."

मार्था बाई आल्या, आरशासमोरच्या खुर्चीकडे एकदा बघून थेट बाथरूमच्या दारापाशी गेल्या. "सॅम्या, शेवट जवळ आला की तू तेव्हापण पळायचास."

आतून दुखावलेला आवाज आला. "पळायचो न्हाई. बापाबरोबर खुर्च्या उचलायला लागायच्या. साहेब उठायच्या आत तयार ऱ्हावं लागायचं."

"तेच ते. एक शेवट धड बघितला नाहीस."

कडी वाजली. काका बाहेर आले. कोटाचं एक बटण चुकलेलं. मार्था बाईंनी हात पुढे करून ते नीट लावलं, त्या उलट्या बाजूचंच, आणि म्हणाल्या, "म्हातारा झालास की रे."

"तू काय ल्हान ऱ्हायलीस?"

मी चहा ठेवायला पळाले. पण कान तिकडेच. "दुसऱ्या दिवशी नळावर हा माझ्या मागं लागायचा," मार्था बाई मला ऐकू जाईल अशा बेताने सांगत होत्या. "मार्थे, पुढं काय झालं? वाचले का? मग मी सांगायची. एक जोडी आगगाडीत बसून गेली. एका जोडीनं बेकरी टाकली."

"आणि ती जिन्यावरची?" काका म्हणाले.

"तिला काय झालंय! जिना उतरून चर्चात गेली सरळ. लग्न लागलं."

मी ट्रे घेऊन दारात थबकले. जिन्यावरच्या बाईचं काय होतं ते मी काकांबरोबर आरशात कितीदा बघितलं होतं. "पण आजी, ती तर—"

काकांनी माझ्याकडे बघितलं. इतके घाबरलेले काका मी कधी पाहिले नव्हते.

"आता घरात एवढा मोठा टीव्ही आहे," मार्था बाई म्हणाल्या. "बघितले असशील की सगळे शेवट."

"कुठलं काय. नेमकी त्याच वेळेला लाईट जाते आमची. व्हय का न्हाई, बेबी?"

"हो," मी म्हणाले. "रोज जाते."

मार्था बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे, पुष्कळ वेळ. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. सारखी करायला म्हणून खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मग तो पुलावरचा राहिलाच असेल तुझा," त्या म्हणाल्या. "धुक्यात उभा असतो बघ तो. वाट बघत."

"आठवतोय. पुढं काय झालं?"

"सांगते. तिला उशीर झाला होता. पण आली. आधी हा दिसेचना, घाबरून खांबामागं लपलेला..."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि शाळेतल्या मुलासारखे पुढे वाकले. बाहेर हॉर्न वाजला. दोघांपैकी कुणीच मान वळवली नाही. मी गेटपर्यंत धावत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका परक्या माणसावर डोळे वटारले.

"थांबा जरा," रिक्षावाल्याला म्हणाले. "अजून संपलं नाही."